महालातलं कूलर दुरुस्तीचं दुकान: ज्याने मोटर उघडली, त्याचंच नाव मोटरवर

नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकातून आत शिरणाऱ्या एका गल्लीत कूलरच्या मोटरी आणि पंप दुरुस्त करणारं छोटं दुकान आहे. एप्रिलमध्ये आमच्या डेझर्ट कूलरची मोटर तिथे नेली. काम चोख झालं, पैसे वाजवी घेतले. एवढंच असतं तर दोन ओळींत लिहून मोकळी झाले असते. पण या दुकानात कोणी काम टाळत नाही, आणि ते का, हे तिथल्या बाकावर बसल्या बसल्या मला दिसलं. लिहायचं आहे ते त्याबद्दल.

त्याआधी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरला तक्रार दिली होती. माणूस आला, ताट्याही (कूलरच्या बाजूच्या गवताच्या जाळ्या) न काढता बाहेरूनच म्हणाला, "मोटर जळली, नवीन टाका." तक्रार बंद करायला फोनवरचा ओटीपी घेतला आणि गेला. मी पुन्हा तक्रार केली, तर त्यावर ‘ग्राहक घरी नव्हते’ असा शेरा पडला. माझी आई दिवसभर घरातच होती. नागपूरचा पारा 2013 च्या मे महिन्यात 47.9 पर्यंत गेला होता. इथे म्हाताऱ्या माणसाच्या खोलीतला कूलर बंद असणं ही साधी गैरसोय नाही.

नंतर दुसरा मुलगा आला. पहिल्याने काय पाहिलं होतं, याची त्याला काही कल्पना नव्हती. पाणी देऊन त्याला सरळच विचारलं. तो म्हणाला, "काकू, कॉल बंद केल्याचे पैसे भेटतात. खोलून बसलो तर दिवसात दोनच कॉल होतात. अन् नीट केलेलं कोण पाहते जी?"

त्या मुलाला मी आळशी म्हणणार नाही. हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात माझी नोकरी झाली. कार्ड सगळ्यांचीच वेळेवर पंच व्हायची, स्टोअरमागे तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत उभे राहणाऱ्यांचीसुद्धा. पण त्यातले बरेचजण भरती झाले तेव्हा झपाट्याने काम करायचे. हातातलं लवकर संपलं की सुपरवायझर शेजाऱ्याचं उरलेलं त्यांच्यासमोर आणून ठेवायचा. पगार तेवढाच. काही महिन्यांत तेही काम शिफ्ट संपेपर्यंत पुरवायला शिकायचे. जे शिकले नाहीत, त्यांच्यावर तिघांचा भार पडला आणि त्यातले चांगले हात सोडून गेले. रजिस्टरमध्ये ग्रीस लावल्याची सही असायची आणि रात्रपाळीत तेच बेअरिंग जाम व्हायचं. शिव्या मात्र रात्रपाळीवाल्यांनी खायच्या.

मॅक्स रिंगेलमान या फ्रेंच कृषी अभियंत्याने 1913 साली ओढण्याच्या कामाची मापं छापली होती. एकटा माणूस सरासरी 85 किलोच्या आसपास जोर लावत होता. तेच काम 14 जण मिळून करू लागले, तेव्हा माणशी जोर 61 किलोवर आला. पुढे 1981 मध्ये अमेरिकेत ओरडण्याच्या आवाजावर प्रयोग झाले. गटातही प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळलं, की लोक अंग चोरेनासे झाले.

महालातल्या मालकाने हे वाचलं असेल असं वाटत नाही, पण त्याची पद्धत नेमकी हीच आहे. मोटर आली की तिच्यावर कागदी टेप चिकटवायची, त्यावर तारीख आणि उघडणाऱ्याचं नाव लिहायचं. पावसाळा लागेपर्यंत ती मोटर परत आली तर त्यानेच बघायची, गिऱ्हाइकाकडून पैसा न घेता. दुसरी गोष्ट मला याहून मोठी वाटते. हातातलं काम लवकर झालं तर दुसऱ्याच्या मोटरी माथी मारत नाहीत. "ज्याचं संपलं तो मोकळा," मालक म्हणाला. एक पोरगा दुपारीच काम उरकून निघाला, तर बाकीच्यांपैकी कोणी मान वर करून पाहिलंही नाही.

आमची मोटर जळलेलीच नव्हती. मोटरला चालना देणारा कंडेन्सर गेला होता आणि दांडा ज्यात फिरतो तो बुश झिजला होता. कारागिराने मोटर माझ्यासमोर उघडली, वाइंडिंगची, म्हणजे आतल्या गुंडाळीची तार तांब्याची आहे हे दाखवलं आणि म्हणाला, "हे फेकाचं नाही काकू, कोणी सांगतलं तुम्हाले?" जुना बुश माझ्या हातात ठेवला, मगच नवा बसवला. पंपात क्षार साचले होते, तेही न सांगता साफ करून दिले. मे सरत आला तरी कूलर रात्रभर चालतोय.

उणिवाही आहेत. पक्कं बिल मागितल्याशिवाय देत नाहीत, तेव्हा मागून घ्या. घरी कोणी येत नाही. पंखा-मोटर आपणच काढून न्यावी लागते, आणि चारचाकी त्या गल्लीत नेऊच नका. मे महिन्यात गर्दी इतकी असते की दोन-दोन दिवस थांबावं लागतं, म्हणून मार्चमध्येच दाखवून आणलेलं बरं. ताट्यांची घास तिथे महाग वाटली, ती दुसरीकडे घ्या. मोटर आणि पंपासाठी मात्र मी तिथेच जाईन. दिलेल्या मोटरीवर टेप लावली का, तेवढं निघण्याआधी बघून घ्या.