एकाच लेन्सचे पैसे आहेत: कामाची घ्यावी की मनातली?

कॅमेऱ्याबरोबर आलेली १८-५५ एमएम लेन्स वर्ष-दोन वर्षं वापरून झाली की दुसऱ्या लेन्सचे वेध लागतात. पैसे एका लेन्सपुरते असतात आणि डोक्यात दोन घोळत असतात. पहिली कामाची, म्हणजे १७-५० किंवा १८-५० एफ २.८ सारखी झूम (एफचा आकडा लहान तितकं लेन्सचं छिद्र मोठं आणि प्रकाश जास्त). लग्न, बारसं, ऑफिसचा कार्यक्रम, घरची माणसं, सगळीकडे चालणारी. दुसरी मनातली. कुणाच्या मनात किडे-फुलं अगदी जवळून टिपणारी १०० एमएम मॅक्रो, कुणाच्या लांबचे पक्षी जवळ आणणारी १५०-६००, कुणाच्या जुनी रशियन हेलिओस. घरी विचारलं तर पहिली घे म्हणतात, ट्रेकच्या ग्रुपवर विचारलं तर दुसरी.

इथे मी एफ २.८ झूम आणि मॅक्रो ही जोडी समोरासमोर ठेवतो आहे. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी दोन्हींच्या किमती बऱ्याचदा एकमेकींच्या आसपास येतात, म्हणून निवड खरोखरच अवघड होते. माझं मत आधीच सांगून टाकतो. गरज किती महत्त्वाची आहे यापेक्षा ती किती वेळा पडते हे बघा. अधूनमधून पडणारी गरज भाड्याच्या लेन्सवर भागते. हौस भाड्यावर भागत नाही.

मांडवात

कामाच्या लेन्सची खरी परीक्षा मंगल कार्यालयात होते. १८-५५ ला ५५ वर नेलं की तिचं छिद्र एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ २.८ वर त्याच्या चौपट प्रकाश आत येतो. कागदावर हा हिशोब असा: आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, तीच ठेवून शटर १/५० सेकंदावरून १/२०० वर नेता येतं. प्रत्यक्ष कार्यालयात तसं करू नका. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात. १/२०० वर फोटोत काळपट पट्टे येतात, नाहीतर एक फोटो उजळ आणि पुढचा पिवळट. अशा उजेडात १/१०० वर थांबावं. उरलेला फायदा आयएसओत घ्यायचा, म्हणजे जिथे ६४०० लागत होता तिथे ३२०० वर भागतं. आयएसओ वाढवल्याने नवरीच्या चेहऱ्यावर फोटोत येणारे दाणे कमी होतात, शालूच्या जरीचा तपशील राहतो. पाहुणे हाच फरक बघतात.

झूम असण्याचं मोल त्याहून मोठं. शेवटचं मंगलाष्टक संपतं, अंतरपाट बाजूला होतो, अक्षता उडतात आणि हार घातले जातात. हे सगळं काही सेकंदांत उरकतं. तुम्ही गुरुजी आणि मामा यांच्या मधल्या फटीत उभे असता, मागे करवल्या, बाजूला व्हिडिओवाला. एक पाऊल मागे सरकायला जागा नसते. हातात फक्त ५० एमएम असेल तर एपीएस-सीवर तिची चौकट ७५-८० एमएमसारखी अरुंद पडते, आणि वधूवरांपैकी एकाचा खांदा कापला जातो. १८ वरून ५० वर मनगट फिरवून जाता येणं हीच तिथली सोय.

वजनाचंही बघा. सिग्माची १८-५० एफ २.८ सुमारे २९० ग्रॅमची, दिवसभर गळ्यात असली तरी मान अवघडत नाही. पण तिच्यात हादरा रोखणारी यंत्रणा नाही. टॅमरॉनच्या १७-७० एफ २.८ मध्ये ती आहे, तर वजन ५२५ ग्रॅमच्या आसपास जातं. नुसते फोटो काढणार असाल तर हलकी पुरेशी आहे, कारण हलणारा माणूस कुठल्याही स्टॅबिलायझेशनने स्थिर होत नाही. हातात धरून व्हिडिओ करणार असाल आणि कॅमेऱ्याच्या बॉडीतही ती सोय नसेल, तर जड घ्या.

आता तिची मर्यादा. भर उन्हात, एफ ८ वर काढलेला कोकणकडा १८-५५ ने काढला की या झूमने, हे प्रिंट बघून बहुतेकांना ओळखता येणार नाही. गड, देवळं, समुद्र हाच तुमचा मुख्य विषय असेल तर ही लेन्स घेऊन फोटो फारसे बदलणार नाहीत. हे कळायला अनेकांना बरेच पैसे घालवावे लागतात.

पावसात, पानाखाली

मॅक्रोचा हिशोब वेगळ्याच मापात चालतो. खरी मॅक्रो एकास एक दाखवते, म्हणजे वस्तू जेवढी असेल तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर उमटते. एपीएस-सी सेन्सर साधारण २४ बाय १६ मिलिमीटरचा. सहा मिलिमीटरचा कोळी घेतला तर तो फ्रेमची पाव रुंदी व्यापतो. त्याचे आठ डोळे वेगवेगळे मोजता येतात आणि पायांवरचे केस दिसतात.

त्याची किंमतही मोजावी लागते. एकास एकवर, एफ ८ ला, नीट दिसणारा थर एक मिलिमीटरही जाड नसतो. डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर. शिवाय इतक्या जवळ गेल्यावर लेन्सचं छिद्र वागतं त्याच्या आकड्यापेक्षा बारीक: २.८ लिहिलेली लेन्स तिथे जवळजवळ ५.६ इतकाच प्रकाश देते. ऑटोफोकस पुढेमागे शोधत बसतो. म्हणून सराव झालेले लोक फोकस हातानेच एका जागी ठेवतात, श्वास रोखून अंग तांदळाभर पुढे-मागे झुलवतात, आणि डोळ्यात धार दिसली की बटण दाबतात. हे अंगवळणी पडायला बऱ्याच संध्याकाळी जातात, आणि त्यातल्या बहुतेक घरच्या कुंडीतल्या मुंग्यांवर घालवाव्या लागतात.

कॅननची १०० एमएम घेतली तर एकास एकवर सेन्सरपासून प्राण्यापर्यंतचं अंतर ३० सेंटिमीटर असतं. त्यातली लेन्सची लांबी वजा केली की तिच्या तोंडापासून प्राण्यापर्यंत १३-१४ सेंटिमीटर उरतात. ५०-६० एमएमची मॅक्रो स्वस्त मिळते, पण हेच अंतर आणखी घटतं आणि चतुर किंवा फुलपाखरू उडून जातं. फुलं आणि वस्तू काढणार असाल तर ६० चालेल. जिवंत प्राणी काढायचे असतील तर ९० च्या खाली जाऊ नका.

ही लेन्स कुणासाठी, ते आंबोलीत पावसाळ्याच्या रात्री कळतं. पाण्यावर झुकलेल्या पानांना मलबार ग्लायडिंग फ्रॉग फेसाची घरटी लावतो, कातळावर आंबोली टोड दिसतो, आणि हा टोड आंबोलीच्या परिसरापलीकडे सापडत नाही. अंगावर रेनकोट, डोक्याला टॉर्च, पोटऱ्यांना जळवा. त्या अवस्थेत ज्याला परत फिरावंसं वाटत नाही, त्याने मॅक्रो घ्यावी. मात्र बेडूक हातात उचलून ‘बसवायचा’ नाही आणि फोटोसाठी घरट्याचं पान वाकवायचं नाही. एवढं पाळणार नसाल तर ही लेन्स तुमच्या हातात नसलेलीच बरी.

कासचं पठार हे दोन्ही लेन्सच्या मधलं ठिकाण. सप्टेंबरात तेरडा आणि सोनकी फुलली की रंगांचे ताटवे काढायला १८-५५ भरपूर झाली. तिथलीच सीतेची आसवं ही वनस्पती मात्र कीटकभक्षी आहे, बारीक पिशव्यांतून सूक्ष्म जीव गिळणारी, आणि तिच्या इवल्या जांभळ्या फुलाकडे मॅक्रोतून पाहिलं की पुढचे दोन तास तिथेच जातात. दोन्ही वेळा ठरवून दिलेल्या पायवाटेवरच राहायचं.

गरज खरी आहे का, ते आधी तपासा

‘मला एफ २.८ हवी’ हे वाक्य बहुतेक वेळा दुकानातून किंवा यूट्यूबवरून आलेलं असतं. तुमचे गेल्या वर्षाचे फोटो उघडा आणि लाइटरूममध्ये किंवा तत्सम सॉफ्टवेअरमध्ये फोकल लेंग्थप्रमाणे, म्हणजे १८, ३५, ५५ या एमएमच्या आकड्यांप्रमाणे लावा. बरेचसे १८ वर असतील तर घाईने निष्कर्ष काढू नका. झूम लेन्स टोकाला नेऊन ठेवायची सवय सगळ्यांनाच असते. त्यातले किती नंतर कापून लहान केले ते बघा. कापलेले जास्त असतील तर तुम्हाला लांबची लेन्स हवी आहे. मग टाकून दिलेले फोटो बघा. माणूस हलला म्हणून गेले, दाणे आले म्हणून गेले, की विषयच दूर राहिला म्हणून गेले? पहिल्या दोन कारणांवर एफ २.८ हा इलाज आहे. तिसऱ्यावर नाही.

हौस तपासणं याहून सोपं आणि स्वस्त आहे. मॅक्रोसाठी एक्स्टेन्शन ट्यूब घ्या. लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसणाऱ्या या पोकळ नळ्या, आत काच नसते. केंकोच्या डीएसएलआरसाठीच्या संचात १२, २० आणि ३६ एमएमच्या तीन येतात. तिन्ही मिळून ६८ एमएम होतात, आणि ५० एमएम लेन्सच्या मागे लावल्या की एकास एकच्याही पुढे जाता येतं. प्रकाश कमी पडतो, लेन्स प्राण्याच्या फार जवळ न्यावी लागते, फोकस बहुतेक वेळा हातानेच करावा लागतो. एवढ्या गैरसोयीतही एखादा पावसाळा तुम्ही किडे शोधत फिरलात, तर हौस खरी आहे. ट्यूब दोन महिन्यांत ड्रॉवरमध्ये गेल्या, तर एका मोठ्या लेन्सचे पैसे वाचले.

भाड्याचं गणित

पुण्या-मुंबईत आणि आता बऱ्याच मोठ्या शहरांत लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात. ओळखपत्र आणि अनामत द्यावी लागते. चुलत बहिणीचं लग्न, कॉलेजचं गॅदरिंग, कंपनीचा वार्षिक कार्यक्रम या तारखा आधी ठरलेल्या असतात, म्हणून कामाची लेन्स भाड्याला अगदी सोयीची. अडचण एकच: दाट मुहूर्ताच्या दिवशी २४-७० आणि ७०-२०० सगळीकडून आधीच उचललेल्या असतात. तारीख कळल्या दिवशीच नोंदवून ठेवा.

१५०-६०० लासुद्धा मी भाड्याच्याच यादीत घालेन, पक्ष्यांचं वेड असलं तरी निदान पहिल्या हंगामात. सिग्माची कंटेम्पररी १९३० ग्रॅमची आहे. हिवाळ्यात भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला गेलात की होडीत ट्रायपॉड निरुपयोगी ठरतो, ती हातावर किंवा बीनबॅगवरच तोलावी लागते. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि ६०० एमएमचे फोटो ढवळल्यासारखे येतात, लेन्स कितीही चांगली असो. हे सगळं एका भाड्याच्या वीकेंडला कळून जातं.

मॅक्रोचं तसं नाही. पाऊस कधी पडेल आणि पानाखाली कोण बसलं असेल हे भाड्याच्या पावतीवर ठरत नाही. शिवाय ती शिकावी लागते. दोन दिवसांत परत करायची लेन्स हातात बसतच नाही.

जुनी घ्यावी का?

इथे दोन्ही लेन्सना वेगळे नियम लागतात, आणि ही गोष्ट खिशाच्या फायद्याची आहे. कामाच्या लेन्सचा ऑटोफोकस चुकला तर लग्न पुन्हा होत नाही, म्हणून ती नवी किंवा खात्रीच्या माणसाकडचीच घ्या. मॅक्रोचा फोकस तसाही हातानेच करायचा असतो. निकॉनच्या जुन्या, बॉडीतल्या मोटरवर चालणाऱ्या मॅक्रो लेन्स नव्या झेड (मिररलेस) कॅमेऱ्यावर एफटीझेड या जोड-कड्याने (अॅडॅप्टरने) बसतात, पण त्या कड्यात मोटर नसल्याने ऑटोफोकस होत नाही. लग्नवाल्याने त्यांना हात लावू नये. बेडूकवाल्याला त्या स्वस्तात मिळतात. टॅमरॉनची ९० एमएम मॅक्रो तर १९७९ पासून निरनिराळ्या रूपांत निघत आली आहे, त्यामुळे वापरलेल्या बाजारात ती दिसत राहते. फार जुन्या रूपात ती अर्ध्या आकारापर्यंतच जाते, तेवढं विचारून घ्या.

जुनी लेन्स घेताना मागून टॉर्च टाकून समोरून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे, सौदा सोडा. आपल्या कोकणपट्टीच्या हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी फार लवकर धरते. म्हणूनही ‘कधीतरी लागेल’ म्हणून घेतलेली लेन्स इथे महाग पडते. लेदरच्या पाऊचमध्ये तर ठेवूच नका. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता ४० ते ५० टक्के, एवढं सांभाळलं की पुरे.

माझं मत कुणी बाजूला ठेवावं

महिन्याला दोन-चार कामं घेणाऱ्याने एफ २.८ झूम विकत घ्यावी, विचारात वेळ घालवू नये. घरात रांगतं मूल असेल तर गरज रोजचीच झाली. पण त्यासाठी झूमसुद्धा नको: निकॉनच्या डीएसएलआरवर ३५ एमएम एफ १.८, इतर कंपन्यांतली तशीच कुठली तरी, घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात सर्वांत जास्त उपयोगी पडते. एफ ५.६ च्या मानाने तिथे सुमारे दसपट प्रकाश मिळतो, ३५ असल्याने लहान खोलीतही माणसं मावतात, आणि किमतीने दोन्हींपेक्षा खूप खाली राहते.

बाकीच्यांना, म्हणजे ज्यांचं पोट फोटोवर नाही आणि ज्यांना वर्षातून तीन-चारदाच कार्यक्रम काढावे लागतात, त्यांना मी मॅक्रो घ्या असंच सांगेन. फक्त सगळे पैसे लेन्समध्ये घालू नका. रात्रीच्या बेडकांना आणि पानाखालच्या कोळ्यांना फ्लॅश लागतोच, आणि नुसत्या फ्लॅशने ओल्या कातडीवर पांढरे चट्टे उमटतात. एक साधा मॅन्युअल फ्लॅश आणि पांढऱ्या फोमचा किंवा पातळ प्लास्टिकचा घरी केलेला, उजेड पसरवून मऊ करणारा डिफ्यूझर, एवढ्याची तरतूद आधी बाजूला काढा आणि उरलेल्या पैशांत बसेल ती मॅक्रो शोधा, जुनी असली तरी चालेल.