सुप्याच्या माळावरची सरडे-फेरी: पाचपैकी चार तारे

पुणे जिल्ह्यातल्या चौफुला-सुपे-मोरगाव रस्त्यावर मी एसटीत कंडक्टर म्हणून अकरा वर्षं तिकिटं फाडली. मयूरेश्वर अभयारण्याचा भाग यायचा तेव्हा मी बहुतेक सुट्ट्या पैशांवरून कोणाशी तरी हुज्जत घालत असायचो. खिडकीबाहेर दिसतं ते पडीक, एवढंच माझं ज्ञान. त्यामुळे पुतणीने "काका, सरडे बघायला चला" म्हणत माणशी 700 रुपये भरले तेव्हा मी तिला वेड्यात काढलं.

पैसे वसूल झाले, हे आधीच सांगतो. आता तक्रार. आम्हाला पहाटे साडेपाचला बोलावलं. चिंकाऱ्यासाठी ही वेळ योग्य, हिवराखाली सात दिसल्या. पण सरडा हा उन्हावर चालणारा जीव. अंग तापल्याशिवाय तो बाहेर येतोय कशाला? आठ वाजेपर्यंत आम्ही नुसत्या जांभया देत बसलो, त्यात चहाची सोय नाही. फक्त सरडे बघणाऱ्यांना साडेसातला बोलवा, ही विनंती.

फिरवणारा पोरगा गावातलाच, पंचविशीचा. अभयारण्य अवघं 5.14 चौरस किलोमीटर, 1997 साली मुख्यतः चिंकाऱ्यासाठी राखलेलं, हे त्याने दोन वाक्यांत उरकलं. मग एका दगडांच्या राशीजवळ गाडी बंद केली आणि म्हणाला, "काका, आता बोलायचं नाही." दहा मिनिटं काहीच नाही. मग वितभर लांबीचा एक मातकट सरडा दगडावर चढला, मान उंचावली आणि गळ्याखालची घडी फटकन उघडली. निळा, काळा, नारिंगी! उघडला, मिटला, पुन्हा उघडला. पलीकडच्या दगडावरून दुसऱ्याने तसंच उत्तर दिलं. पुतणीच्या हातातला मोबाइल तसाच राहिला.

गळ्याचा हा पंखा नराचाच. पावसाआधीच्या तापत्या दिवसांत माद्यांना दाखवायला आणि शेजारच्या नराला दटावायला. म्हणून एप्रिल-मे गाठा. दिवाळीच्या सुट्टीत गेलात तर हाच सरडा तुम्हाला ढेकूळ वाटेल. शास्त्रज्ञांनी 2016 साली अशा सरड्यांसाठी नवी प्रजाती, म्हणजे जातींचा गट, केली आणि तिचं नाव ठेवलं सरडा. आपला मराठी शब्द, थेट लॅटिन नावात! त्यातल्या एका जातीची ओळख ज्या नमुन्यावरून ठरली, तो साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीचा. तिथल्या पवनचक्क्यांबद्दलही पोराने सांगितलं: जिथे पाती फिरतात तिथे शिकारी पक्षी कमी, म्हणून सरडे जास्त, पण त्यांचे रंग फिके. मला हे ऐकून डेपोतले साहेब रजेवर असतानाचे दिवस आठवले.

बाकीचे सरडे हद्दीबाहेरच्या माळावर पायी दाखवले. कुसळी पायजम्यात घुसतात, जाड पँट घाला. गवताच्या बुडाशी काडीएवढा बारीक, पट्ट्यापट्ट्यांचा एक सरडा सुर्रकन पळाला. त्याला मिटणारी पापणीच नाही, सापासारखी काचेची झापड असते. सापसुरळी तर चकचकीत, तेल लावून आल्यासारखी. बांधाच्या बिळातून घोरपडीने तोंड काढलं तेव्हा गटातल्या एकाने तानाजीचा विनोद केला. कोणीतरी करणारच होता.

मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. त्याच गृहस्थांनी पायाने दगड उलटायला घेतला, "खाली पाल असेल." पोराने हात धरून थांबवलं. दगडाखालचा ओलावा आणि गारवा एकदा मोडला की पुन्हा तसा जमत नाही, म्हणाला. त्या पालीचं नाव बिबट्या पाल, अंगावर ठिपके, रात्रीची, आणि नवल म्हणजे तिला खरीखुरी मिटणारी पापणी असते, आपल्या घरातल्या पालीला नसते. ती आम्हाला दिसली नाही. पैसे भरलेल्या गिऱ्हाइकाला असा नकार द्यायला छाती लागते. मी तीस वर्षं गिऱ्हाइकांना नकार दिलाय, मला ठाऊक आहे.

एक तारा कापला तो चहा आणि वेळेसाठी. बायकांसाठी स्वच्छतागृहाचीही आधी चौकशी करा, आम्हाला त्यासाठी सुप्यापर्यंत यावं लागलं. गुडघे दुखणाऱ्यांनी घाबरू नये, निम्मी फेरी गाडीतच होते आणि खरा खेळ गाडीतूनच दिसतो, कारण गाडीला सरडा बुजत नाही, उभ्या माणसाला बुजतो.

परतताना एसटीच पकडली. कंडक्टर तरुण होता, हातात मशीन, सुट्ट्यांची कटकट जवळपास संपलेली. त्याला म्हटलं, "मास्तर, त्या माळाकडे बघितलंय का कधी?" तो म्हणाला, "काका, पुढे सरका, मागे जागा आहे."