बावीस वर्षांनंतरचे दोन अल्बम: पहिली एलपी कोणाची घ्यावी?

शूगेझ, म्हणजे गिटारच्या दाट कल्लोळात गळे बुडवणारे रॉक संगीत, आवडीने ऐकणाऱ्या आणि घरी नुकताच रेकॉर्ड प्लेअर आणलेल्या बेळगाव-निपाणीकडच्या काही तरुण मित्रांनी मला एकच प्रश्न विचारला आहे: 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन'चा 'एम बी व्ही' आधी घ्यावा, की 'स्लोडाइव्ह'चा २०१७ साली आलेला, बँडचेच नाव धारण करणारा अल्बम? या एलपी बाहेरदेशातून मागवाव्या लागतात आणि खर्च बराच येतो, त्यामुळे दोन्ही घ्या असे सांगून सुटका करून घेणे बरे नव्हे.

माय ब्लडी व्हॅलेंटाइनचा आधीचा अल्बम 'लव्हलेस' १९९१चा आणि 'एम बी व्ही' २०१३चा; स्लोडाइव्हचा आधीचा 'पिग्मॅलियन' १९९५चा आणि 'स्लोडाइव्ह' २०१७चा. खंड दोन्हीकडे बावीस वर्षांचा असला तरी त्याची जात निराळी आहे. माय ब्लडी व्हॅलेंटाइनचे प्रमुख केव्हिन शील्ड्स यांनी १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू करून अर्धवट राहिलेले ध्वनिमुद्रण २०११च्या सुमारास पुन्हा हाती घेतले आणि त्यातून 'एम बी व्ही' पुरा केला. स्लोडाइव्हच्या बाबतीत मात्र 'पिग्मॅलियन' निघाल्यावर लगेचच क्रिएशन रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्याशी संबंध तोडले, बँड मोडला, आणि त्यातील नील हॉलस्टेड व रेचल गॉस्वेल 'मोहावे थ्री' या नावाने लोकसंगीताच्या वळणाची, गिटारचा कल्लोळ नसलेली गाणी करत राहिले. २०१४ मध्ये ते एकत्र आले ते आधी मंचावर. नवा अल्बम त्यानंतर तीन वर्षांनी आला.

आपल्याच जिल्ह्यात, सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांना क्षयामुळे काही वर्षे गाणे थांबवावे लागले होते, आणि १९५३ मध्ये ते पुन्हा मैफलीत बसले तेव्हा तो खंड त्यांच्या गाण्यात ऐकू येत होता. परतलेल्या कलावंताकडून माझी अपेक्षा तीच असते: मधली वर्षे कोठे गेली ते स्वरांत कळावे. 'एम बी व्ही'ची पहिली काही गाणी ऐकताना १९९१ आणि २०१३ यांच्यामध्ये काहीच घडले नसावे असे वाटते. पुष्कळ रसिकांना त्याचेच अप्रूप आहे आणि ते मी समजू शकतो. शेवटच्या तीन गाण्यांत हा बँड नव्या वाटेला लागतो, आणि 'वंडर टू'मधील वेगवान ड्रम व त्यांवरून सरकत जाणारा गिटारचा झोत यांचे धाडस आजही मला थक्क करते. स्लोडाइव्हच्या अल्बममध्ये मात्र वय सुरुवातीपासूनच जाणवते. 'शुगर फॉर द पिल' मध्ये गिटार मागे सरून गळ्याला जागा देते, आणि 'फॉलिंग ॲशेस' मध्ये पियानोची एकच लहान ओळ सुमारे आठ मिनिटे फिरत राहते, तरी ती कंटाळवाणी होत नाही.

माझा निर्णय मात्र यांपैकी कशावरही झाला नाही. तो आवाजाच्या बटणावर झाला. बेळगावातल्या शहापूरसारख्या जुन्या वस्तीत ज्यांची घरे आहेत त्यांना एका भिंतीवर दोन बिऱ्हाडे म्हणजे काय ते ठाऊक असेल. 'एम बी व्ही' हळू लावला की त्याचा गाभाच नाहीसा होतो, कारण गायिका बिलिंडा बुचर आणि शील्ड्स यांचे गळे मुळातच गिटारच्या आत दडवलेले आहेत आणि तो ध्वनी मोठ्याने, अंगावर घेण्यासाठीच रचलेला आहे. त्यातून आपल्याकडचा पावसाळा. जून उलटला की पत्र्यावर जी अखंड सर कोसळत असते तिचा आवाज आणि या गिटारांचा आवाज एकमेकांत इतके मिसळतात की नेमके काय ऐकत आहोत ते कळेनासे होते. मग आवाज वाढवावा, तर भिंतीपलीकडे परीक्षेचा अभ्यास चाललेला. कमी करावा, तर गाणे गेले. 'नथिंग इज' या गाण्यात तर एकच आघात साडेतीन मिनिटे पुन्हा पुन्हा येतो, आणि तो संयमाने हळू ऐकण्यात काहीच अर्थ उरत नाही. अर्ध्या गाण्यात उठून बटणाशी जाण्याचा हा त्रास मला फार झाला. रेकॉर्डचा यात दोष नाही. ती ज्या खोलीसाठी केली आहे तशी खोली माझ्याकडे नाही. स्लोडाइव्हचा बेस आणि गॉस्वेल यांचा स्वर मात्र त्याच पावसात, त्याच खोलीत, हळू लावूनही स्पष्ट उमटतात. मोठ्याने लावला तर 'स्टार रोव्हिंग' उसळून येतेच, पण त्यावाचून काही अडत नाही.

ज्यांचे घर मोकळ्या जागी आहे, ज्यांच्याकडे चांगले स्पीकर आहेत आणि ज्यांना 'लव्हलेस' मनापासून प्रिय आहे, त्यांनी माझे म्हणणे बाजूला ठेवून 'एम बी व्ही'च घ्यावा; त्यांचा निर्णय चुकला असे मी कधीही म्हणणार नाही. इतरांनी, मला वाटते, स्लोडाइव्हपासून सुरुवात करावी. त्यांचे परतणे एका अल्बमपुरते नव्हते, हेही त्यांच्या बाजूने मोजावे लागेल: २०२३ मध्ये 'एव्हरीथिंग इज अलाइव्ह' आला, जो गॉस्वेल यांची आई आणि ड्रमवादक सायमन स्कॉट यांचे वडील यांच्या स्मृतीस अर्पण केलेला आहे.

'एम बी व्ही' दुसऱ्या खेपेला घेतला तर एलपीच घ्यावी. त्याचे ध्वनिमुद्रण टेपवर झाले आहे आणि रेकॉर्ड कोरेपर्यंत कोठेही डिजिटल प्रक्रिया वापरलेली नाही, त्यामुळे मोबाइलवर ऐकून त्याच्याविषयी मत बनवू नये.