क्लोराइट की अलाबास्टर? प्रबंधाला कोणती भांडी घ्यावीत

हलील रूड खोऱ्यातली (इराण, इ.स.पू. तिसरे सहस्रक) कोरीव क्लोराइटची भांडी घ्यावीत की इजिप्तची अलाबास्टरची, असा पेच असेल तर आधी दगड पाहा.

क्लोराइट नखाने जेमतेम ओरखडा उठेल इतका मऊ. म्हणून बाहेर साप, विंचू, खजुरीची झाडं खोलवर कोरता येतात. खाचांत रंगीत खडे, शिंपले बसवायचे. आत मात्र छिन्नीचे उभेआडवे घाव तसेच राहतात. आच आणि आंबट, दोन्ही सोसतो.

इजिप्शियन 'अलाबास्टर' म्हणजे खरं तर कॅल्साइट, चुन्याच्या जातीचं खनिज. तांब्याची नळी वाळूवर फिरवून मधला गाभा काढायचा, मग इंग्रजी 8 च्या आकाराच्या दगडी पात्याने पोट रुंद करायचं. आतली गोल वळी हीच त्याची खूण. व्हिनेगर पडलं तर पृष्ठभाग खाल्ला जातो, तेला-उटण्यांना उत्तम.

व्यापाराच्या बाबतीत क्लोराइट सरस. तेपे याह्याला (आग्नेय इराण) कार्यशाळा, तारूत बेटावर (सौदी अरेबिया) शेकडो तुकडे, शिवाय पश्चिमेला मारी (सीरिया) आणि पूर्वेला मोहेंजोदडो इथेही सापडली. दगडातल्या खनिजांवरून खाणींचे गटही पाडता येतात. कॅल्साइट इतकं एकजिनसी की हे अवघड.

पण पुराव्यात इजिप्त पुढे. जोसेर या फॅरोच्या पायऱ्यांच्या पिरॅमिडखाली सुमारे 40,000 दगडी भांडी जागच्या जागी सापडली. हलील रूड खोऱ्यातल्या जिरोफ्टला मात्र 2001 नंतर बेफाम लूट झाली. बाजारातल्या 'जिरोफ्ट' भांड्यात नकली किती, कोण सांगणार!

व्यापारमार्ग शोधायचे तर क्लोराइट, तेही उत्खननातलंच. हत्यारं आणि घडण शिकायची तर इजिप्त.