स्वस्तातला स्कोप आणि अर्धवट काळा शेकाट्या

६५ एमएम भिंगाचा, वाकड्या आयपीसचा (डोळा लावायची बाजू), २० ते ६० पट झूमवाला स्पॉटिंग स्कोप, म्हणजे ट्रायपॉडवर लावायची एका डोळ्याची दुर्बीण, घेऊन चार महिने झाले, ६०० न्यूझीलंड डॉलर मोजलेत, कंपनीचं नाव नको कारण पुढे तक्रारी आहेत.

मी क्राइस्टचर्चला असतो, म्हणून टेस्टला थेट ट्वायझल गावाकडे गेलो, बेनमोर तलावाला आहुरिरी नदी मिळते तिथे. भिगवणला आपण शेकाट्या बघतो ना, लाल काड्यांसारख्या पायांचा, त्याचा इथला पूर्ण काळा भाऊबंद म्हणजे काकी, नाव माओरी आहे. (बायकोला म्हटलं काकीला बघायला चाललोय, तर म्हणे कुणाच्या?) १९८१ मध्ये निसर्गात जेमतेम २३ मोठे पक्षी उरलेले, जोडीदार मिळेना म्हणून काकी काळ्या-पांढऱ्या पोआका शेकाट्यांशी जोड्या जमवू लागले, आणि त्या संकरित पिल्लांनाही पुढे पिल्लं होतात. त्यामुळे काळा दिसला की काकी, असं इथे चालत नाही.

मला नेमका तसाच भेटला. दुर्बिणीतून सगळा काळा, स्कोप २० वर लावला तर हनुवटी पांढरी आणि पोटावर शाईचा बोळा फिरवल्यासारखे डाग. आता काकीची पिल्लंपण आधी पांढऱ्या डोक्या-मानेची असतात, पूर्ण काळी व्हायला साधारण दीड वर्ष लागतं, म्हणजे हे कार्टं की संकरित? ३० वर पाय गर्द लाल दिसले आणि छातीवर सलग काळा पट्टा, पिल्लासारखे विस्कटलेले ठिपके नाहीत. इथवर काच मस्त. पण ४५ च्या पुढे काळ्या-पांढऱ्याच्या हद्दीवर जांभळी किनार येते, आणि मला तर तीच हद्द बघायची होती! त्यात दुपारी नदीतल्या दगडगोट्यांवरून हवा तापून थरथरते, ६० वर पक्षी उकळतोय असं वाटतं. ६० चा आकडा खोक्यावरच शोभतो.

पक्षी वीस मिनिटं एका पायावर उभा. प्रजनन केंद्रात वाढवून सोडलेल्या काकींच्या पायात रंगीत कडी असतात, म्हणून दुसऱ्या पायाची वाट बघत बसलो, शेवटी टेकवला तर कडं नाही. तेवढ्याने काही सिद्ध होत नाही म्हणा, पण संशय वाढला. तिथले लोक पिसांच्या रंगावरून पोआकाला 'ए', पूर्ण काळ्याला 'जे' असा अक्षरांचा दर्जा देतात, मी याला मधे कुठेतरी 'जी' धरला.

सोबतचा ट्रायपॉड मात्र भंगार, वायव्येचा वारा सुटला की डुलतो, खाली सॅक लटकवावी लागली. मोबाईल अडॅप्टरचा स्क्रू दुसऱ्याच दिवशी निसटला, मग रबरबँड लावून फोटो काढला, हललाय, पण पट्टा कळतो. जाणकार मित्राला पाठवला, तोही संकरितच म्हणाला.

स्कोपला साडेतीन स्टार, ट्रायपॉडला एक. तोच स्कोप नुसता मिळत असेल तर घ्या.