फळी भिंतीला लावायची, पण कोणत्या आधारावर?

दहा फुटांची मोकळी भिंत आहे, पुस्तकं अजून खोक्यांत आहेत आणि सुतार उद्या माप घ्यायला येतोय. आधार न दिसणारी, भिंतीतूनच उगवल्यासारखी वाटणारी फळी तुम्ही कुठेतरी पाहिली आहे आणि ती मनात बसली आहे. तिचा निर्णय करण्याआधी भिंतीची चौकशी करा, असं मी कळकळीने सांगेन. फळी पडते तेव्हा बहुतेक वेळा लाकूड तुटलेलं नसतं, भिंतीने स्क्रू सोडलेला असतो.

पुढे फळीमागे झाकली जाईल अशा जागी एक बारीक भोक पाडा आणि भुकटी बघा. आधी गिलाव्याची करडी भुकटी येईल, खरं उत्तर त्यानंतर. लाल आली तर वीट. पांढुरकी, मऊ, भराभर आली तर हलके ब्लॉक, ज्यांना सगळे सिपोरेक्स म्हणतात. भुकटी करडीच राहिली आणि ड्रिल पुढे सरकेना, तर काँक्रीटची भिंत. वीट चांगली, फक्त भोक दोन विटांमधल्या सांध्यात नको. काँक्रीट सगळ्यात भक्कम, पण त्याला मोठं हॅमर ड्रिल लागतं आणि मध्येच सळई लागली तर जागा बदलावी लागते. काळजी घ्यायची ती ब्लॉकची. तिथे हॅमर बंद ठेवून नुसतं फिरवत भोक पाडायचं आणि ब्लॉकसाठीच मिळणारी लांब नायलॉनची गिट्टी, म्हणजे भोकात बसवून स्क्रू पकडणारी नळी, वापरायची. नेहमीची छोटी गिट्टी त्यात काही महिन्यांत सैल होते. स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली मात्र कुठल्याच भिंतीत भोक पाडू नका, वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात.

आता लपलेला आधार आणि उघडा ब्रॅकेट शेजारी ठेवून पाहू. १० इंच खोल फळीवर २० किलो पुस्तकं ठेवली, की त्यांचा भार भिंतीपासून सरासरी ५ इंचांवर पडतो. लपलेल्या आधाराला भिंत धरायला उंची मिळते जेमतेम २ इंच. त्यामुळे वरच्या स्क्रूंवर बाहेरच्या दिशेने साधारण ५० किलोंची ओढ बसते. तेच वजन ८ इंच उभी बाजू असलेल्या ब्रॅकेटवर ठेवलं, तर ओढ १२-१३ किलोंवर येते. वजन तेच, फळी तीच, आणि फरक चौपट! ओळीने खच्चून भरलेली पुस्तकं फुटाला सहज ८-१० किलो भरतात, म्हणजे २० किलो व्हायला दोन-अडीच फूट पुरे. माझ्या पहिल्या घरात ब्लॉकच्या भिंतीवर लपलेल्या आधाराची तयार फळी होती. दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत तिची पुढची कड बोटभर खाली झुकली होती. ती काढली आणि त्याच जागी ब्रॅकेट लावले, ते आजही तसेच आहेत.

म्हणून लपलेली फळी फोटो, एखादं पितळी भांडं किंवा छोटी मूर्ती यांच्यासाठी, आणि शक्यतो वीट किंवा काँक्रीटवर. तिथे ती खरंच सुंदर दिसते. पुस्तकांना उघडा ब्रॅकेटच. साध्या एल आकाराच्या ब्रॅकेटची लांब बाजू भिंतीला लावायची, आखूड फळीखाली. घाईत हे नेमकं उलटं होतं.

तिसरा पर्याय आहे खाचांच्या उभ्या लोखंडी पट्ट्यांचा, जो जुन्या दुकानांत आणि वाचनालयांत दिसतो. दिवाणखान्यात तो शोभत नाही असं लोक म्हणतात, मला ते पटत नाही. प्रत्येक पट्टीला भिंतीत बरेच स्क्रू मिळतात, भार वाटला जातो आणि फळ्या हव्या तेव्हा वर-खाली करता येतात. नेहमीच्या, म्हणजे डेमी आकाराच्या पुस्तकाला १० इंचांचा गाळा पुरतो, मोठ्या दिवाळी अंकांना १२ इंच लागतात. दर वर्षी अंकांची भर पडणाऱ्या घरात हे फार उपयोगी पडतं. ब्लॉकच्या भिंतीवर मी डोळे मिटून हाच घेईन.

भाड्याच्या घरात यातलं काहीच नको, जमिनीवर उभी राहणारी मांडणी घ्या.

लाकडाबाबत थोडक्यात. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी, स्वस्त आणि गुळगुळीत, पण पाणी लागलं की कडा फुगतात आणि परत बसत नाहीत. कोकणात किंवा पावसाच्या भिंतीवर तर नकोच. १८ मिमीचा प्लाय घ्या. प्लायवर भारतीय मानकाचा (आयएस) क्रमांक छापलेला असतो: खोलीत आयएस ३०३ मधला बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा, चालतो, स्वयंपाकघरात आयएस ७१०. सागवान सुंदरच, पण सगळी फळी सागाची करण्यापेक्षा प्लायच्या पुढच्या कडेला दीड इंच उंचीची सागाची पट्टी उभी लावून घ्या. कड झाकली जाते आणि फळीचं वाकणं निम्म्याहून कमी होतं. कडप्प्याला वाळवी लागत नाही, मात्र ३ फूट लांब, १ फूट रुंद आणि २० मिमी जाड तुकडाच १५ किलोंच्या आसपास भरतो. त्याला भिंतीत खाच हवी, म्हणून घराचं काम चालू असतानाच तो बसवून घ्यायचा. शिवाय तो चुनखडीचा दगड, त्यामुळे लिंबा-चिंचेचे डाग धरतो.

दोन आधारांमधलं अंतर पुस्तकांसाठी २ फूट ठेवा. तेवढ्याच दाटीने पुस्तकं ठेवून ते ३ फूट केलं, तर वाकणं दीडपट नाही, पाचपट होतं. आणि फळी किती खोल हवी ते ठरवताना आठ बाय चार फुटांच्या प्लायचा हिशेब करा. १० इंच खोल फळ्या चार निघतात आणि आठेक इंचांची चिंधी उरते. सव्वानऊ इंच ठेवल्या तर पाच निघतात, म्हणजे त्याच पैशात ८ फूट फळी जास्त. पुस्तकांना सव्वानऊ पुष्कळ झाले. जास्त खोल फळीवर पुस्तकांची दुसरी रांग लागते आणि मागची कधी हातात येत नाही.

मांडताना जड पुस्तकं खालच्या फळीवर, हलकी वर. प्रत्येक फळीवर वीतभर जागा रिकामी सोडा, नवीन पुस्तकं येणारच आहेत. बाहेरच्या भिंतीवर पुस्तकं मागे टेकवू नका, दोन बोटं अंतर ठेवा, नाहीतर श्रावणात पुस्तकांच्या मागच्या बाजूला बुरशी धरते. तांब्या-पितळेची भांडी हाताला येतील अशा उंचीवरच हवीत, कारण ती दर काही दिवसांनी घासावी लागतात आणि वरच्या फळीवर गेली की काळी पडून राहतात. सुतार यायच्या आदल्या रात्री कागदी चिकटपट्टीने भिंतीवर फळ्यांच्या रेघा मारा. सोफ्यावर बसून बघा, उठताना डोकं लागतंय का ते बघा, आणि घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाला हात पुरवून बघायला सांगा.