होडीचा ‘पूर्ण सेट’ आणि गेलेले २,४७,१०० रुपये

आकडा आधी सांगतो, कारण गावात तो हवा तसा फिरतोय. कुणी तीन लाख म्हणतं, कुणी पन्नास हजार. होडीसाठी नवं इंजिन आणि जाळी देतो म्हणून एका माणसाने फसवलं, त्यात गेले ते २,४७,१०० रुपये. त्यातले ५१,००० आगाऊ, ३८,५०० ‘अनुदानाच्या फायलीचे’, १२,६०० टेंपोभाडं आणि १,४५,००० माल दारात आल्यावर. शेवटची रक्कम बायकोच्या पाटल्या सोनेतारणात ठेवून उभी केली होती. हे चार लोकांत सांगायची लाज वाटते. तरी लिहितोय, कारण तोच माणूस नाव बदलून किनाऱ्यावर अजून फिरतोय.

होडी बाबांच्या हातची. लाकडी, उलांडीची, म्हणजे तोल राखायला बाजूला लाकूड बांधलेली. त्यांनी ती आयुष्यभर वल्ह्यावर आणि शिडावर चालवली. २०२४ च्या पावसाळी मासेमारी बंदीत आम्ही दोघा भावांनी ती वर ओढली, फायबर मारून घेतलं, मागचं टोक कापून इंजिनासाठी फळी बसवली. बंदी ३१ जुलैला उठणार होती आणि नारळी पौर्णिमा त्या वर्षी १९ ऑगस्टला होती. तोपर्यंत होडी तयार हवी होती. हंगामाचे पहिले आठवडे गेले की वर्षाचं गणित बिघडतं, हे मासे मारणाऱ्याला समजवायला नको. या घाईचा मुद्दा पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. हाव नव्हती, घाई होती.

माणूस आला तो ओळखीतून. आमच्या मच्छीमार सोसायटीतल्या एका सभासदाने त्याला आणला आणि तो सभासदही त्याला ५,००० देऊन बसला होता. इकडे सगळे अनोळखी फोनपासून सावध असतात, पण हा फोनवरचा नव्हता. प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्याने आमच्याकडे चहा घेतला, होडीला हात लावला, फळीची उंची टेपने मोजली. पंधरा इंच. ते त्याने वहीत लिहिलं, मी पाहिलं. इंजिनाचा दांडा फळीच्या उंचीएवढा लागतो, म्हणजे आखूड दांड्याचं इंजिन लागणार हे त्याला पक्कं माहीत होतं.

‘पूर्ण सेट’ देतो म्हणाला. ९.९ अश्वशक्तीचं जपानी बनावटीचं नवं आउटबोर्ड म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन, कांडाळीची (मासा अडकणारी) नवी जाळी बोये आणि शिशासकट, पाण्याखालचे मासे दाखवणारा फिश फाइंडर जीपीएससह, चार लाइफ जॅकेट, बर्फाची पेटी. सगळ्याचं कोटेशन ४,९०,०००. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत सर्वसाधारण लाभार्थ्याला ४० टक्के, महिला लाभार्थीला ६० टक्के, तेव्हा फाइल वहिनींच्या नावाने करू. ६० टक्के म्हणजे २,९४,००० वजा. तुम्ही भरायचे १,९६,००० फक्त.

मला लोक विचारतात, एवढ्या स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर शंका कशी आली नाही? स्वस्त नव्हतंच ते. हिशेब बरोबर होता. योजना खरी, २०२० पासूनची, ४० आणि ६० टक्के हे आकडे खरे आहेत. योजनेबद्दल त्याने खोटं सांगितलं ते एकाच ठिकाणी: अनुदान आधीच वजा करून माल मिळतो. तसं मिळत नाही. अर्ज मत्स्य खात्याकडे होतो, मंजुरी येते, आणि अनुदान सरकारकडून लाभार्थीकडे येतं. मधल्या माणसाच्या बिलातून ते कुणी कापून देत नाही. आणि फायलीचे म्हणून एक रुपयाही कुणाच्या खासगी खात्यावर भरायचा नाही. मी ३८,५०० भरले. त्याने मत्स्य खात्याचा छापील अर्ज आणला होता, त्यावर बायकोची सही, आधार आणि पासबुकाची प्रत घेतली. पैसे गेले त्याहून जास्त झोप त्या कागदांनी उडवली. ज्यांनी कागद दिले असतील त्यांनी आजच आधारचं बायोमेट्रिक लॉक करा, ॲपवर होतं.

आता ती संध्याकाळ. ही माझ्या डोक्यातून जात नाही.

टेंपो आला तेव्हा दिवस मावळत होता आणि पाऊस धरलेला. ड्रायव्हर म्हणे आधी उरलेले पैसे आणि भाडं, मग माल खाली. शेजारचे चार जण बघायला उभे. इंजिनाचा खोका आम्ही टेंपोतच उघडला. रंग चकचकीत, स्टिकर नवे. धाकटा भाऊ जास्त बोलत नाही. त्याने क्लॅम्पच्या स्क्रूवर नख फिरवलं. रंगाची पापडी सुटून आली आणि खाली आट्यांत पांढरं मीठ बसलेलं. तो हळूच म्हणाला, “दादा, ह्यां इंजिन समुद्रात जावन इलेला आसा.”

मी तिथेच त्या माणसाला फोन लावला. तो जराही गडबडला नाही. “अहो, प्रत्येक इंजिन कारखान्यात टाकीत चालवून बघतात, त्याचे डाग असतात ते.” मला ते पटलं. चाचणी होते हे मलाही माहीत होतं. पण टाकीत मीठ कुठून येणार? कारखान्याच्या टाकीत गोडं पाणी असतं! मीठ आट्यांच्या आत जाऊन दगड होतं ते समुद्रात, महिनोन् महिने. जन्म खाऱ्या पाण्यात गेलेल्या घरातला मी. लोखंडावर मीठ कसं चढतं हे आमच्या घरातल्या पोराला कळतं. तो प्रश्न मला रात्री अंथरुणावर सुचला आणि तोपर्यंत आयएमपीएसने १,४५,००० जाऊन तास उलटले होते.

त्या वेळी माझ्या जागी दुसरा असता तर काय केलं असतं, ते मला सांगा. पाऊस पडतोय, ड्रायव्हर गाडी चालू ठेवून उभा आहे, लोक बघतायत, ५१,००० आणि ३८,५०० आधीच अडकलेत. परत पाठवलं असतं तर तेही बुडाले असते, असंच वाटतं त्या घडीला. बुडू द्यायला हवे होते. ८९,५०० वर थांबलं असतं, पाटल्या घरात राहिल्या असत्या.

म्हणून, माल उतरायच्या आधी उरलेले पैसे मागणाऱ्याचा टेंपो तसाच्या तसा परत पाठवा. शेजाऱ्यांकडे बघू नका.

सकाळी उजेडात सगळं दिसलं. इंजिन लांब दांड्याचं, वीस इंची. वहीत पंधरा लिहून नेलं आणि वीस आणून टाकलं, कारण त्याच्या गोदामात जे पडलं होतं ते रंगवून पाठवायचं होतं. नंबरपट्टीचे रिव्हेट नवे, पट्टी जुनी. जाळी वर दिसणारा एक थर नवा, खाली गाठी मारलेली जुनी. फिश फाइंडरचा पडदा होता, पाण्याखाली लावायचा ट्रान्सड्यूसर नव्हता, म्हणजे तो नुसता डबा. लाइफ जॅकेटवर कसलाही शिक्का नाही, दाबलं तर आत थर्माकोलचा चुरा कुरकुरतो. पैशांचं मी एक वेळ सोडून देईन, पण ही जॅकेटं त्याने माणसांच्या अंगावर घालायला विकली.

तरी आम्ही इंजिन लावून पाहिलं. फोनवर तो रोज “माणूस पाठवतो” म्हणत होता आणि हंगाम सुरू झाला होता. खाडीच्या तोंडावर वाळू साठते तिथे पाच इंच जास्तीच्या दांड्याने पंखा रुतला. ओढून काढून पुढे गेलो, तर थंड करणाऱ्या पाण्याची धार बारीक होत होत बंद पडली आणि इंजिन गरम होऊन धरलं. समोर खडक, ओहोटीची ओढ. बाबांनी निघताना वल्ही होडीत टाकायला लावली होती, म्हणून परत आलो. किनाऱ्यावर बाबा एकच वाक्य बोलले, “आमी वल्ह्यार जल्म काढलो.” त्यानंतर त्यांनी या विषयावर शब्द काढलेला नाही.

अधिकृत मेकॅनिककडे खोललं तेव्हा खालच्या गिअरचं तेल दुधासारखं पांढरं, म्हणजे पाणी शिरलेलं. पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा तुकडे झालेला. सिलिंडरला ओरखडे. नंबर कळवल्यावर कळलं की ते इंजिन काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच राज्यात विकलं गेलंय. सेकंडहँड इंजिन घेणं गैर नाही, आपल्यातले निम्मे तेच वापरतात. पण मग गिअरचं तेल थेंबभर काढून बघा, कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजून घ्या, पिंपात चालवून धार बघा आणि नंबर विक्रेत्याकडून तपासा. या चार गोष्टींना नकार देणाऱ्याशी पाचवी बोलू नका.

आता सरकारी दारांबद्दल. त्या माणसावरचा राग एक वेळ शमेल, हा शमत नाही.

पोलीस ठाण्यात गेलो तर, होडीचं प्रकरण आहे, सागरी पोलिसांकडे जा. तिथे गेलो तर, समुद्रात काही घडलंय का? फसवणूक जमिनीवर झाली, परत तिकडेच जा. परत गेलो. “माल मिळालाय ना? मग फसवणूक कसली? दर्जाचा वाद आहे, दिवाणी आहे, कोर्टात जा.” मी म्हटलं, जुनं इंजिन रंगवून नवं म्हणून विकणं, खोट्या फायलीचे पैसे घेणं हे दिवाणी कसं? “पैसे तुम्ही स्वतःच्या बोटाने पाठवलेत.” मग, नवा कायदा आलाय, कलमं बघावी लागतील. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. फसवणुकीचं जुनं ४२० आता ३१८(४) आहे, शिक्षा सात वर्षांपर्यंत. हे मला मोबाइलवर सापडलं, ठाण्यात सापडत नव्हतं! गुन्हा काही नोंदवला नाही, साधा अर्ज ठेवून घेतला. पोच मागितल्यावर माझ्याकडे असं पाहिलं की मीच आरोपी. पोच घेतल्याशिवाय हलू नका. गुन्हा नोंदवत नसतील तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (तपास कसा करायचा याचा नवा कायदा) कलम १७३(४) खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने अर्ज पाठवता येतो. आणि हद्द आमची नाही हे कारण चालत नाही, हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यायला हवी. हे मला कुणीही सांगितलं नाही, खिशातून गाडीभाडं घालवून शिकलो.

१९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, फोन केला. तिथे तक्रार घेतली, पण पैसे त्या खात्यातून कधीच पुढे गेले होते. फसवलं गेल्याचं कळताच त्याच घटकेला फोन करा. मी मेकॅनिकचा कागद हातात येईपर्यंत थांबलो, पुरावा हवा म्हणून. पुरावा आला, पैसे गेले. बँक म्हणते व्यवहार तुमच्या संमतीने झाला.

आणि मत्स्य खातं. ज्यांच्या योजनेच्या नावावर आम्हाला लुटलं ते म्हणतात, “त्या माणसाचा आमच्याशी संबंध नाही, तुम्ही आधी आमच्याकडे यायचं होतं.” आलो होतो हो! मे महिन्यात योजनेची चौकशी करायला आलो होतो. साहेब दौऱ्यावर. पुन्हा आलो, साहेब मीटिंगला. यादी लागली की कळवू म्हणाले, कुणी कळवलं नाही. त्यांच्या कार्यालयाने एक कागद दारावर चिकटवला असता, की योजनेसाठी कोणताही एजंट नेमलेला नाही, तर माझ्या बायकोच्या पाटल्या वाचल्या असत्या. दलालाला जागा मिळते ती बंद खिडकीमुळेच. आजही तो कागद तिथे नाही. मी लेखी मागणी केली, पोच आहे, उत्तर नाही.

ग्राहक तक्रारीचं विचारलं तर एका वकिलाने सांगितलं, मासेमारी धंदा आहे, व्यापारी वापर, तुम्ही ग्राहक नाही. हे चुकीचं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम २(७) मध्ये स्पष्ट आहे की स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी वापरात धरत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या दाव्याला जिल्हा आयोगात शुल्क नाही. तक्रार ग्राहक आयोगांच्या ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन जाते, मार्गदर्शनाला १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे. माझी दाखल आहे.

बिलाचंही सांगायला हवं. पाटी महाराष्ट्रातल्या गावाची आणि जीएसटी क्रमांकाची सुरुवात २४ ने. पहिले दोन आकडे राज्याचे असतात: २४ गुजरात, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. पोर्टलवर तो क्रमांक टाकला तर नोंदणी केव्हाच रद्द झालेली. हे बघायला दोन मिनिटं लागतात. पैसे गेले ते खातंही दुकानाच्या नावाचं नव्हतं, एका बाईच्या नावाचं बचत खातं होतं. “आमचं चालू खातं ऑडिटमुळे बंद आहे” हे वाक्य कानावर आलं की उठायचं.

ते इंजिन मी विकलेलं नाही आणि दुरुस्तही केलेलं नाही. पंचनामा होईपर्यंत ते जसंच्या तसं पडवीत राहील, भंगारवाला रोज विचारून जातो तरी. आमच्याच तालुक्यात आणखी दोघांकडे असे ‘सेट’ आलेत, पण ते लाजेने पुढे येत नाहीत. त्यांना आणि अशा सगळ्यांना सांगतो. नंबरपट्टीचा जवळून फोटो काढून ठेवा, खोका आणि बिल टाकू नका, चॅट पुसू नका, पैसे गेलेल्या खात्याचा क्रमांक लिहून ठेवा. खातं तेच निघालं तर आपण पोलीस अधीक्षकांकडे एकाच दिवशी, प्रत्येकाचा वेगळा अर्ज घेऊन जाऊ. एकट्याचं दिवाणी म्हणून परत पाठवतात. तिघांचं तसं पाठवून दाखवावं.